पी.आर.पी.ची सुई टोचून घेण्याआधी

न्हाणं झाल्यावर मोरीच्या जाळीत अडकलेला केसांचा पुंजका उचलताना मनात चर्र झालं नाही, अशी बाई शोधून सापडायची नाही. शेपटा करंगळीएवढा झाला, भांग रुंद दिसू लागला, सणावाराला गजरा माळायचा तर पिन धरायला जागा उरली नाही, की धावाधाव सुरू होते. आधी माक्याचे तेल, मग जास्वंदीची पाने, मग कांद्याचा रस (आणि त्या वासाने घरातल्यांचे नाक मुरडणे), मग कुणीतरी सांगितलेली महागडी बाटली. या यादीच्या शेवटी हल्ली एक नवे नाव येऊन बसले आहे, पी.आर.पी.

पूर्वी हे फक्त पुण्या-मुंबईकडे ऐकू यायचे. आता जिल्ह्याच्या गावीच काय, चांगल्या मोठ्या तालुक्याच्या ठिकाणीही त्याच्या पाट्या दिसतात. मोबाईल उघडला की जाहिरात समोर हजर: आपल्याच रक्तातून आपलेच केस. भिशीत विषय निघतो. कुणाची जाऊ चार ‘सिटिंग’ घेऊन आलेली असते, कुणाच्या भाचीने पैसे भरलेले असतात, आणि मग दबक्या आवाजात कुणीतरी विचारते, “खरंच येतात का हो केस?”

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि जो एका शब्दात देतो त्याच्यापासून जरा जपूनच राहावे. काही जणींना या उपचाराचा खरोखर उपयोग होतो. पुष्कळ जणींना त्याची मुळी गरजच नसते. आणि काही जणींचे त्यात महिनेच्या महिने जातात, मूळ दुखणे मात्र तसेच राहते. आपण यांपैकी कोण, हे कळायचे तर आधी आपले केस कशाने गळताहेत ते कळायला हवे. ते न पाहता डोक्यात सुया टोचून घेणे म्हणजे ताप कशाचा ते न बघता इंजेक्शन घेण्यासारखे आहे.

रक्तातून काढतात तरी काय?

पी.आर.पी. म्हणजे प्लेटलेट रिच प्लाझ्मा. नाव ऐकून घाबरू नका. प्लेटलेट हा शब्द आपल्याला डेंग्यूच्या साथींनी चांगलाच शिकवला आहे. घरात कुणाला डेंग्यू झाला की “आज प्लेटलेट किती?” हाच प्रश्न सकाळ-संध्याकाळ. रक्तातल्या या अगदी चिमुकल्या कणांचे काम १८८२ साली बिझोझेरो नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने उलगडून दाखवले. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. विळीने बोट कापले की तिथे धावून जाऊन रक्ताची गाठ बांधणे हे त्यांचे मुख्य काम. पण नुसती गाठ बांधून त्या थांबत नाहीत. त्यांच्या पोटात अशी काही प्रथिने असतात की ती बाहेर पडल्यावर आसपासच्या पेशींना वाढायला, नवी त्वचा आणि नव्या बारीक रक्तवाहिन्या तयार करायला चालना मिळते. जखम भरते ती अशी.

मग डॉक्टरांच्या मनात आले, की जिथे दुरुस्ती हवी तिथे या प्लेटलेट जास्त प्रमाणात नेऊन सोडल्या तर? जबड्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेत हे करून पाहिल्याचा अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख १९९८ साली प्रसिद्ध झाला आणि या तंत्राकडे सगळ्यांचे लक्ष गेले. पुढे खेळाडूंचे दुखावलेले स्नायू, गुडघे असे करत करत २००६ च्या सुमारास ते केसांपर्यंत येऊन पोहोचले.

प्रत्यक्षात होते ते असे. दंडातून १० ते ३० मिलिलिटर रक्त काढतात, म्हणजे चहाचे दोन ते सहा चमचे. ते गोठू नये म्हणून औषध घातलेल्या नळीत भरतात आणि नळी गरगर फिरवणाऱ्या यंत्रात ठेवतात. डेअरीत दुधातली साय वेगळी काढायचे यंत्र असते ना, त्याच जातीचे. फिरून थांबले की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर पाणी राहते. त्या पाण्यातला प्लेटलेटनी दाट झालेला थोडासा भाग सुईत घेऊन डोक्याच्या त्वचेत, साधारण एकेका सेंटिमीटरवर, थेंब थेंब टोचतात. सगळे मिळून तास-दीड तासाचे काम. टोचण्यापूर्वी बधिर करणारे मलम लावतात किंवा बर्फ फिरवतात, तरी कपाळाजवळ दुखतेच. “मुंगी चावल्यासारखं वाटेल” असे सांगतात, पण त्या मुंग्या चाळीस-पन्नास असतात हे सांगायचे राहून जाते. एखादा दिवस डोके जड राहते, कधी कपाळावर थोडी सूज येते. दर महिन्याला एकदा असे तीन-चार वेळा करतात आणि मग बहुधा सहा-आठ महिन्यांनी एकदा, टिकवण्यासाठी. ही शेवटची ओळ नीट वाचा बरं का. पैशांच्या हिशेबाकडे येऊ तेव्हा ती पुन्हा लागणार आहे.

गळतात किती, आणि का

आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि प्रत्येक केसाची वेगळी जत्रा चाललेली असते. कोणत्याही दिवशी शंभरातले ८५-९० केस वाढत असतात, ही वाढ दोन ते सहा वर्षे चालते. उरलेले विश्रांती घेत असतात. तीन-एक महिने विश्रांती झाली की केस गळून पडतो आणि त्याच मुळातून नवा येतो. त्यामुळे रोज ५० ते १०० केस जाणे हा आजार नव्हेच. आता ज्या बाईला नोकरी आणि घर सांभाळून फक्त रविवारी डोक्यावरून न्हायला मिळते, तिच्या हातात त्या दिवशी आठवड्याचे केस एकदम येतात. तो पुंजका पाहून अर्ध्या जणींचा धीर तिथेच सुटतो.

पण कधी कधी शरीराला मोठा धक्का बसतो आणि वाढणाऱ्यांपैकी पुष्कळ केस एकदमच विश्रांतीला जातात. धक्का बसतो तेव्हा काहीच दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी ते सगळे एकदम गळू लागतात. तोवर आपण तो ताप, ते ऑपरेशन विसरलेलो असतो आणि दोष देतो नव्या शांपूला नाहीतर बोअरच्या पाण्याला! टायफॉइड, डेंग्यू, मोठी शस्त्रक्रिया, उपाशी राहून झपाट्याने कमी केलेले वजन, घरातला मृत्यू, बंद केलेल्या पाळणा लांबवायच्या गोळ्या, कशानेही असे होते. २०२० आणि २०२१ साली करोनातून उठलेल्या कितीतरी जणींनी हे अनुभवले.

सगळ्यांत जास्त दिसते ते बाळंतपणानंतर. गरोदरपणात अंगातल्या संप्रेरकांमुळे गळायचे केस गळतच नाहीत, म्हणून त्या दिवसांत वेणी दाट दिसते. बाळंतपण झाले की थांबून राहिलेले ते सगळे एकदम निघतात. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, बाळ आईला ओळखून हसायला लागलं की आईचे केस जातात. बाळ ओळखू लागते ते दोन-तीन महिन्यांचे झाल्यावर, आणि केसांचे वेळापत्रकही नेमके तेच. कारण त्यांना ठाऊक नव्हते, पण हिशेब बरोबर होता. आणि ते परत येतात, हेही त्यांना ठाऊक होते.

हे गळणे बहुतेकींचे सहा महिन्यांत आपोआप थांबते. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे वेणीत फरक दिसायला वर्षही जाते. पण कपाळाजवळ उभे राहणारे, काही केल्या न बसणारे बारीक केस आधीच सांगत असतात की मुळे जिवंत आहेत आणि कामाला लागली आहेत.

आता इथेच खरी मेख आहे. चौथ्या महिन्यात, गळणे अगदी भरात असताना घाबरलेली बाई दवाखान्यात जाते. तिला महिन्याच्या अंतराने चार सिटिंग दिली जातात. सातव्या-आठव्या महिन्यात गळणे थांबते. ते थांबणारच होते! पण श्रेय सुईला मिळते, पैसे दवाखान्याला, आणि ती बाई भिशीत दहा जणींना सांगते, “मला तर बाई गुण आला.” ती खोटे बोलत नसते.

माझ्या ओळखीच्या एका घरात असेच घडता घडता राहिले. सूनबाई बाळंतीण होऊन साडेतीन महिने झालेले, केसांचे झुबके हातात येत होते. जाहिरात पाहून ती एका केंद्रात गेली. तिथे पांढरा कोट घातलेल्या मुलीने डोक्याला कॅमेरा लावून पडद्यावर मोठ्ठी चित्रे दाखवली, भांगातली मोकळी जागा पाहून सूनबाई रडायचीच बाकी राहिली, आणि लगेच सहा वेळांचे पॅकेज, आज भरले तर सवलत. बाळ किती महिन्यांचे, हे तिला तिथे कुणी विचारले नाही. पैसे भरायचे होते ते बारशाच्या आहेरातून. सासूबाई खमक्या. त्या म्हणाल्या, “पैसे कुठे पळून जात नाहीत, आधी आपल्या डॉक्टरांना दाखवू.” त्वचारोगतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला तो बाळंतपणाच्या तारखेचा. मग चिमटीत केस धरून हलकेच ओढून पाहिले, रक्त तपासायला दिले. हिमोग्लोबिन निघाले ९. मुलीला लोहाच्या गोळ्या मिळाल्या. आता बाळ वर्षाचे आहे आणि ती अंबाडा घालते, छोटासाच, पण स्वतःचा.

आधी रक्त तपासायला, मग टोचायला

दंडातून रक्त काढायचेच आहे तर पहिल्यांदा ते तपासण्यासाठी काढावे. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडची टी.एस.एच. या तीन तपासण्या तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होतात. डॉक्टरांना वाटले तर बी-१२ आणि ड जीवनसत्त्वही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे ५७ जणींचे रक्त कमी आढळले. म्हणजे केस गळतात म्हणून दवाखान्यात गेलेल्या दोघींपैकी एकीचे रक्त कमी असण्याचा संभव आहेच, मग तिचे केस त्यानेच गळत असोत वा नसोत.

हिमोग्लोबिन ठीक असले तरी फेरिटिन पाहावे. हिमोग्लोबिन म्हणजे ओट्यावरच्या डब्यातले पीठ, फेरिटिन म्हणजे कोठीतले धान्य. डबा भरलेला दिसतो आणि कोठी रिकामी झालेली असते, असे बायकांत फार होते, विशेषतः पाळीला जास्त जात असेल तर. शरीर अशा वेळी काटकसर करते आणि केसांसारख्या, त्याच्या मते चैनीच्या, खात्याला आधी कात्री लावते. केसांचे जाऊ द्या, जिना चढताना दम लागणे, दुपारी डोळे मिटणे हे सगळे त्यातच आले. अळिवाचे लाडू, खजूर, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये खावीत, वर लिंबू पिळावे, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहाने अन्नातले लोह अंगी लागत नाही. तासाभराने प्या, कुणी नाही म्हणत नाही. पण कोठी अगदीच रिकामी असेल तर नुसत्या लाडवांनी भरत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या काही महिने घ्याव्याच लागतात.

एक बारीकशी पण कामाची गोष्ट. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या आजकाल किराणामालासारख्या खपतात. त्यांच्यामुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दिला होता. रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस त्या बंद ठेवाव्यात आणि डॉक्टरांना तसे सांगावे.

पाळी पुढे-मागे होते, हनुवटीवर राठ केस येतात, वजन वाढते आणि डोक्यावरचे केस मात्र विरळ होताहेत, असे असेल तर ती तक्रार स्त्रीरोगतज्ज्ञांनाही सांगावी. डोक्यावर रुपयाएवढी गुळगुळीत जागा पडली असेल तर ती चाई. तिचा उपचार निराळा. आणि केस गेलेल्या जागी खाज, आग होत असेल, त्वचा चकचकीत होऊन छिद्रेच दिसेनाशी झाली असतील, तर एकही आठवडा न दवडता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. तिथली मुळे कायमची मरू लागलेली असतात. मेलेल्या मुळाला कोणतेही रक्त जागे करत नाही.

मग उपयोग होतो तो कुणाला?

ज्यांचा भांग हळूहळू, वर्षानुवर्षे रुंद होत चालला आहे, त्यांना. कपाळावरची रेघ जागच्या जागी असते, पण टाळूवरचे केस बारीक, तलम होत जातात. पुरुषांसारखे पूर्ण टक्कल सहसा पडत नाही. या प्रकाराच्या तीन पायऱ्या जर्मनीतल्या डॉ. लुडविग यांनी १९७७ साली मांडल्या, आणि आजही डॉक्टर त्यावरूनच मोजमाप करतात. याला अनुवंश असतो, वडिलांकडूनही आणि आईकडूनही. चाळिशीनंतर, पाळी जाण्याच्या सुमारास तो जास्त दिसतो, पण पंचविशीतही सुरू होऊ शकतो. इथे केसाचे मूळ मेलेले नसते, दर खेपेला थोडे थोडे लहान होत असते. म्हणूनच त्याला चालना देण्यात अर्थ आहे.

पण इथेही पहिले औषध पी.आर.पी. नव्हे. पहिले औषध मिनॉक्सिडिल. ते मुळात रक्तदाबाचे. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचे डोक्याला लावायचे औषध झाले. अमेरिकेत ते पुरुषांसाठी १९८८ साली आणि बायकांसाठी १९९१ साली मान्य झाले. ते केसांना नव्हे, त्वचेला लावायचे. पहिले काही आठवडे केस उलट जास्त गळतात, आणि इथेच निम्म्या जणी बाटली फेकून देतात. हे गळणे जुने केस नव्यांना जागा करून देत असल्यामुळे होते. चार-सहा महिने धीर धरावा लागतो आणि सोडले की मिळवलेले हळूहळू जाते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने ते लावू नये. इतरांनीही डॉक्टरांना विचारूनच लावावे.

याच्या जोडीला, किंवा ज्यांना हे सोसत नाही त्यांना, पी.आर.पी.चा विचार करता येतो. त्याचा गुण किती? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात २६ बायका होत्या. काहींना पी.आर.पी. टोचले, काहींना नुसते मिठाचे पाणी, आणि कुणाला काय ते त्यांना सांगितले नाही. एकदाच टोचले. सहा महिन्यांनी केस मोजले तर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. २०२० साली आलेल्या दुसऱ्या अभ्यासात ३० बायका होत्या, महिन्या-महिन्याने तीनदा टोचले, आणि तिथे पी.आर.पी. घेतलेल्यांचे केस खरोखर दाट झालेले दिसले. म्हणजे एकदा टोचून काही होत नाही, तीनदा टोचल्यास होऊ शकते, असे समजायला जागा आहे. पण २६ आणि ३० हे आकडे काही मोठे नव्हेत.

शिवाय प्रत्येक घरच्या गोड्या मसाल्याची कृती वेगळी असते ना, तशी प्रत्येक दवाखान्याची पी.आर.पी. वेगळी. रक्त किती घ्यायचे, किती वेळा फिरवायचे, किती दाट करायचे, कितीदा टोचायचे, याचे सर्वांनी मानलेले एक माप अजून नाही. कुठे पाचपट दाट होते, कुठे जेमतेम दुप्पट. नाव मात्र एकच. त्यामुळे मैत्रिणीला गुण आला म्हणून दुसऱ्या दवाखान्यात आपल्यालाही येईल, असे धरून चालू नये.

सुई, स्वच्छता आणि पैसा

रक्त आपलेच असल्यामुळे त्याची अ‍ॅलर्जी येत नाही, हे खरे. पण ते आपलेच आहे ना, हे कुणी बघायचे? अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅल्बुकर्की शहरात परवाना नसलेल्या एका सौंदर्य केंद्रात चेहऱ्यासाठी असाच रक्ताचा उपचार करून घेतलेल्या काही बायकांना एच.आय.व्ही.ची लागण झाली. ते केंद्र २०१८ साली बंद झाले, आणि तिथल्या आरोग्य खात्याने २०२४ साली सगळा तपशील प्रसिद्ध केला. नावे न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये खाण्याच्या वस्तूंशेजारी ठेवलेल्या सापडल्या होत्या. म्हणून ब्यूटी पार्लरमध्ये हा उपचार कधीही करून घेऊ नये, मग ती पार्लरवाली कितीही ओळखीची असो. त्वचारोगतज्ज्ञाची पदवी आणि नोंदणी क्रमांक भिंतीवर लावलेला असतो, तो वाचावा. सुई आणि नळीचे पाकीट आपल्यासमोर फोडावे, नळीवर आपले नाव लिहावे, असे स्पष्ट सांगावे. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही. “डॉक्टरांना असं कसं विचारायचं?” हा संकोच आपण बायकाच फार करतो. भाजीवाल्याकडे मात्र एकेक भेंडी मोडून बघतो!

प्लेटलेट कमी असणे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणे, कावीळ-ब किंवा क, डोक्यात गळू किंवा पुरळ, कॅन्सरचा उपचार, गरोदरपण, यांपैकी काहीही असेल तर ते आधीच सांगावे. यात पी.आर.पी. टाळतात किंवा पुढे ढकलतात.

आता पैसे. गाव आणि दवाखाना पाहून एका वेळेचे काही हजार रुपये पडतात. चार हजार धरले, तर चार वेळांचे १६ हजार, आणि वर सांगितलेल्या टिकवण्याच्या दोन वेळा धरल्या तर पहिल्या वर्ष-दीड वर्षाचे २४ हजार. पुढच्या वर्षी पुन्हा. हे औषध मूळ प्रकृती बदलत नाही, म्हणून खर्चही संपत नाही. आरोग्य विम्यातून असा उपचार सहसा मिळत नाही. सहाचे पॅकेज आगाऊ भरू नये. एका वेळी एक. तीन वेळांनंतर तीन महिने थांबून फोटो ताडून पाहावेत, फरक दिसला नाही तर तिथेच थांबावे. ‘आज भरले तर सवलत’ हे साडीच्या सेलला ठीक आहे. केस काही उद्या सकाळी संपत नाहीत.

आणि घरात सांगायचे की नाही? पुष्कळ जणी चोरून करतात, घरखर्चातून वाचवलेल्या पैशांतून. कारण यजमान म्हणतात, “या वयात काय करायचंय?” किंवा मुले हसतात. नवऱ्याला टक्कल पडले की तो वयाचा मान ठरतो, आणि बायकोचा भांग रुंद झाला की हळदीकुंकवाला गेलेल्या घरी कुणीतरी “अगंबाई, केस किती गेले गं तुझे!” म्हणते. त्या एका वाक्यासाठी बायका समारंभाला जायच्या थांबतात, हे मी पाहिले आहे. त्यामुळे यावर पैसे खर्च करणे म्हणजे नटवेपणा, असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र लपवून केले की दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेता येत नाही, ‘फरक नाही’ असे म्हणता येत नाही, आणि गेलेले पैसे सोडवत नाहीत म्हणून आणखी पैसे जातात. आणि ज्यांना हे काहीच करायचे नसेल त्यांनी खुशाल गंगावण लावावे. आपल्या आज्या लावत होत्या, त्यांना कुणी नावे ठेवली नाहीत.

तेलाचे विचाराल तर माक्याच्या असो की साध्या खोबऱ्याच्या, तेलाने केस मोडायचे कमी होतात, डोके शांत होते. नवे केस उगवत नाहीत. ओले केस विंचरू नयेत, आणि घट्ट ओढून रोज एकाच जागी अंबाडा बांधू नये. कानशिलाजवळचे केस त्या ओढीनेच जातात.

उपचार घ्यायचे ठरलेच, तर त्या दिवशी सकाळी डोक्यावरून न्हाऊन, पोटभर खाऊन जावे. उपाशीपोटी घेरी येते. बरोबर कुणाला तरी न्यावे. दुखण्यावरच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत, कारण काही गोळ्या प्लेटलेटचेच काम बंद पाडतात. दुसऱ्या दिवसापर्यंत डोके धुऊ नये, तेल आणि मेंदी तीन-चार दिवस नको. आणि पहिल्या सिटिंगच्या आधी, घरातल्या एकाच खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात, कोरड्या केसांचा भांग मधोमध पाडून मुलीला किंवा यजमानांना वरून एक फोटो काढायला सांगावा. पुढे दर महिन्याच्या त्याच तारखेला, त्याच खिडकीपाशी, तसाच. दवाखान्यातल्या फोटोत दिव्यांचा उजेड पुष्कळ असतो.